नागपूर खंडपीठातून दिल्लीला: एसएलपीची तयारी पहिल्या मिनिटापासून

निकाल आपल्या विरोधात चाललाय हे ऐकता ऐकता कळतं. न्यायमूर्ती ऑर्डर डिक्टेट करत असतात आणि मागच्या बाकावरून पक्षकार आपल्या पाठीकडे बघत असतो. डिक्टेशन संपलं की पुढची केस पुकारली जायच्या आधी फार तर अर्धं मिनिट मिळतं. दिल्लीचं, म्हणजे सर्वोच्च न्यायालयातल्या एसएलपीचं, काम तिथेच सुरू होतं. उठायचं आणि विनंती करायची: आजवर चालू असलेला अंतरिम आदेश आठ आठवडे कायम ठेवावा, सर्वोच्च न्यायालयात जायचं आहे. आठ मागितले तर चार-सहा मिळतात, कधी काहीच मिळत नाही. पण न मागता मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ताबा जाणार असेल, बांधकाम पडणार असेल, नोकरी जाणार असेल, तर हे काही आठवडे सोन्याच्या भावाचे असतात. ते नसले तर दिल्लीत पहिल्या दिवसापासून 'स्टे द्या, स्टे द्या' करत धावावं लागतं आणि धावपळीत केलेली याचिका तशीच दिसते.

त्याच क्षणी अनुच्छेद १३४-अ खाली अपिलासाठी प्रमाणपत्रही तोंडी मागता येतं. प्रकरणात सर्वसाधारण महत्त्वाचा मोठा कायदेशीर प्रश्न असेल तर मागावं. ते क्वचितच मिळतं. म्हणून बाकी जवळजवळ सगळ्यांचा रस्ता एकच, अनुच्छेद १३६ खालची स्पेशल लीव्ह पिटिशन, म्हणजे आपल्या बोलण्यातली एसएलपी. हा लेख तिच्याबद्दल आहे.

जायचं का, हे आधी

सिव्हिल लाइन्सच्या त्या जुन्या दगडी इमारतीच्या पायऱ्या उतरताना पक्षकार हमखास विचारतो, "वकीलसाहेब, वरच्या कोर्टात तं न्याय भेटनच ना?" त्याच्या डोक्यात दिवाणी न्यायालय, जिल्हा न्यायालय, हायकोर्ट आणि मग सुप्रीम कोर्ट अशी शिडी असते. शेवटची पायरी मात्र शिडीचा भागच नाही, हे त्याला तेव्हाच सांगून टाकावं. एसएलपी म्हणजे अपील नव्हे, अपील करू द्या अशी विनंती. ती ऐकायची की नाही हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग, आणि हा अधिकार जपून, अपवादानेच वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली प्रीतम सिंग प्रकरणातच सांगून ठेवलंय. साक्षीदार खरा की खोटा, मोजणी बरोबर की चूक, असल्या गोष्टी तिन्ही न्यायालयांनी एकसारख्या ठरवल्या असतील तर चौथ्यांदा कोणी उकरून काढणार नाही.

मी पक्षकाराला एक साधी परीक्षा देतो. हायकोर्टाचं काय चुकलं ते दोन वाक्यांत सांगा, पण त्यात 'अन्याय' हा शब्द वापरायचा नाही. 'कलम अमुक लागू असताना तमुक लावलं', 'सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या विरुद्ध गेलं', 'आम्हाला न ऐकता आदेश केला', 'एकाच अधिसूचनेतल्या शेजारच्या शेताला एक दर आणि आम्हाला दुसरा' असं काही निघालं तर पुढे बोलू. नाही निघालं तर खर्चाचा आकडा सांगून घरी विचार करायला पाठवतो. काही लोक त्यानंतर दुसऱ्या वकिलाकडे जातात. जाऊ द्यावं.

आणखी एक गोष्ट नागपुरातच तपासायची. निकाल एकल न्यायमूर्तींचा असेल तर इथेच दोन न्यायमूर्तींपुढे लेटर्स पेटंट अपील होतं का? अनुच्छेद २२७ खालच्या, म्हणजे खालच्या न्यायालयांवर देखरेख ठेवण्याच्या अधिकारातल्या, आदेशावर ते होत नाही. एकल न्यायमूर्तींनी अपिलात दिलेल्या निकालावरही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००-अ मुळे, होत नाही. पण ज्या प्रकरणात होऊ शकतं तिथे ते न करता दिल्ली गाठली तर पहिला प्रश्न तोच येतो आणि हात हलवत परत यावं लागतं.

नक्कल आणि दिवसांचा हिशेब

निकालाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रमाणित प्रतीचा, म्हणजे नकलेचा, अर्ज टाकायचा. सोमवारी बघू, असं म्हणायचं नाही. कारण असं:

एसएलपीची मुदत हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवस. हायकोर्टाने अपिलाचं प्रमाणपत्र नाकारलं असेल तर त्या नकारापासून ६०. फाशीच्या शिक्षेच्या प्रकरणातही ६०. निकालाचा दिवस मोजायचा नाही, आणि नकलेसाठी लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ खाली वजा होतो. लागलेला वेळ म्हणजे अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा. तुम्ही घरी बसून घालवलेला वेळ त्यात येत नाही. नक्कल फी भरायला लावलेला उशीरही तुमच्याच खात्यात.

समजा निकाल १२ जूनला लागला. १३ जूनपासून मोजा. जूनचे १८ दिवस, जुलैचे ३१ म्हणजे ४९, ऑगस्टचे ३१ म्हणजे ८०, उरलेले १० सप्टेंबरचे. मूळ मुदत १० सप्टेंबरला संपते. नकलेचा अर्ज १६ जूनला केला आणि प्रत ३ जुलैला तयार झाली, तर ते १८ दिवस मिळून मुदत २८ सप्टेंबरपर्यंत जाते. पण मी माझ्या डायरीत १० सप्टेंबरच लिहितो, तेही लाल शाईने. वाढीव दिवस हवे असतील तर प्रमाणित प्रत याचिकेला लावावी लागते, आणि तिच्या मागच्या शिक्क्यातल्या तारखा वाचता आल्या पाहिजेत. अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची आणि प्रत दिल्याची अशा तिन्ही तारखा आहेत का, हे खिडकीवरच बघून घ्यावं. शिक्का पुसट असेल तर तिथेच दुसरा मागावा. दिल्लीत बसलेल्या माणसाला तो वाचता आला नाही की हिशेब कोसळतो.

प्रत मिळाली नाही म्हणून थांबूनही राहू नये. हायकोर्टाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत लावून 'प्रमाणित प्रत दाखल करण्यापासून सूट' असा अर्ज जोडला की याचिका दाखल होते. घाईच्या प्रकरणात सगळे हेच करतात.

मुदत उलटलीच तर मुदत कायद्याच्याच कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज. १९८७ च्या काटीजी निकालाने न्यायालयांना उदार व्हायला सांगितलं, हे खरं. पण २०१२ मध्ये लिव्हिंग मीडिया प्रकरणात फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती ही सरकारी सबबसुद्धा नाकारली गेली. म्हणजे कारण हवं आणि तेही तारखांसह. 'आर्थिक अडचण व प्रकृती अस्वास्थ्य' एवढ्या एका ओळीवर भिस्त ठेवू नका. दवाखान्यात भरतीचा कागद, सुट्टीचा कागद, कर्जाचा कागद, जे असेल ते जोडा. माझ्याकडे एक गृहस्थ १४० दिवसांनी आले. उशिराचं कारण विचारलं तर म्हणाले, धान कापणी होती. कापणी काही पाच महिने चालत नाही. खोदून विचारल्यावर निघालं की मधल्या काळात पत्नीचं मोठं ऑपरेशन झालं होतं, पण 'घरचं दुखणं कोर्टात कशाले सांगायचं' म्हणून ते गप्प होते. तेच सांगायचं असतं.

दिल्लीचा वकील

वकिलांपैकी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डला, म्हणजे एओआरला. चार वर्षांची वकिली, मग एक वर्ष एखाद्या एओआरच्या हाताखाली प्रशिक्षण, मग न्यायालयाचीच परीक्षा आणि न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत कार्यालय, एवढं झाल्यावर ही नोंदणी मिळते. नागपुरात वकिली केलेल्यांपैकी हिदायतुल्ला, बोबडे, गवई असे तीन सरन्यायाधीश झाले. पण इथला पंचवीस वर्षांचा मुरलेला वकील एओआरच्या सहीशिवाय तिथे एक कागद दाखल करू शकत नाही. तो युक्तिवाद करू शकतो, एओआर सोबत असला तर. हे पक्षकाराला आधी सांगितलं की फीच्या वेळी तोंडं वाकडी होत नाहीत.

एओआर निवडताना मी मोठं नाव बघत नाही. फोन उचलतो का, मसुदा स्वतः वाचतो का, आणि डिफेक्ट, म्हणजे याचिकेतल्या त्रुटी, आले की त्याच आठवड्यात कळवतो का, एवढंच बघतो. नुसती सही देणारेही भेटतात, स्वस्त पडतात. सर्वोच्च न्यायालयाने असल्या नामधारी सह्यांबद्दल वारंवार कान उपटले आहेत, आणि भोगावं लागतं ते पक्षकाराला. फी ठरवताना मसुदा, दाखल करणं, डिफेक्ट काढणं आणि पहिल्या तारखेची हजेरी यांपैकी कशाकशाचे पैसे ते लिहून घ्या. सीनियर, म्हणजे न्यायालयाने तसा दर्जा दिलेला, वकील लागला तर त्यांची फी वेगळी, आणि ती दर तारखेला.

स्वतः उभं राहण्याचीही सोय आहे. पण तसा अर्ज करावा लागतो, रजिस्ट्रार मुलाखत घेतात आणि तुम्ही न्यायालयाला नीट मदत करू शकाल का याचा अहवाल देतात. काम इंग्रजीत चालतं, हे विसरू नये.

मराठी कागद इंग्रजीत आणताना

बहुतेक विदर्भातल्या याचिका माझ्या मते इथे अडतात, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. नागपूर खंडपीठात मराठी सातबारा, पंचनामा, ग्रामपंचायतीचा ठराव तसाच चालून जातो. वाचणाऱ्यांना मराठी येतं. दिल्लीतल्या दोन न्यायमूर्तींपैकी कदाचित एकालाही येत नसेल. तिथे इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेतला कागद भाषांतराशिवाय वापरता येत नाही. नियमाप्रमाणे हे भाषांतर न्यायालयाने नेमलेल्या किंवा मान्य केलेल्या भाषांतरकाराचं किंवा दोन्ही बाजूंना मंजूर असलेलं हवं. प्रत्यक्षात आपण भाषांतर करून घेतो आणि 'अधिकृत भाषांतर दाखल करण्यापासून सूट' हा अर्ज जोडतो. सूट मिळते. म्हणून तर जबाबदारी आपल्यावर जास्त येते, कारण ते भाषांतर तपासणारं तिथे कोणी नाही.

टायपिंगच्या दुकानात दर पानामागे पैसे देऊन केलेलं भाषांतर मी घेत नाही. मोबाइलवरचं तर मुळीच नाही. आपल्याकडच्या महसुली कागदांत मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळाचे थर आहेत. 'प.ह.नं.' म्हणजे पटवारी हलका नंबर. पुण्याचा भाषांतरकारही इथे थबकतो, कारण त्यांच्याकडे तलाठी सजा असतो. खसरा, मौजा, निस्तार, मालगुजारी तलाव, भूमिस्वामी, भूमिधारी या प्रत्येक शब्दामागे कायदा आहे. 'भोगवटादार वर्ग २' ला नुसतं 'दुसऱ्या वर्गाचा मालक' असं इंग्रजीत केलं की अर्थच उलटतो. तो जमीन परवानगीशिवाय विकू शकत नाही, आणि अनेकदा सगळा वाद तेवढाच असतो.

माझी पद्धत अशी की असा शब्द मूळचाच रोमन लिपीत ठेवायचा आणि पहिल्यांदा आला तिथे एका ओळीत त्याचा अर्थ द्यायचा. झुडपी जंगलाचं उदाहरण घ्या. त्याला इंग्रजीत 'खुरट्या झुडपांची जमीन' म्हटलं की ती वनजमीन आहे की नाही हा वाद आपणच भाषांतरात सोडवून टाकला, बहुधा आपल्याच विरोधात. पूर्व विदर्भातल्या या जमिनींवर सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निकाल दिला, तेव्हाही शब्द 'झुडपी जंगल' हाच राहिला.

भाषांतर झालं की पक्षकाराला किंवा त्याच्या शिकलेल्या मुलीला समोर बसवून आकडे जुळवायचे. हेक्टर-आर, गट नंबर, जुना खसरा, फेरफार क्रमांक, वारसांची नावं. रामचंद्र, रामाजी आणि रामा ही एकाच माणसाची तीन नावं असतील तर तळटीप द्या. आणि मूळ मराठी कागदाची प्रत स्वच्छ हवी. झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही. माझी एक याचिका केवळ सहा पुसट सातबाऱ्यांसाठी अडली होती. ते सगळे परत टाइप करून 'खरी प्रत' म्हणून सही करावी लागली. आता मी पुसट कागद आधीच टाइप करून घेतो.

तारखांची यादी

याचिकेत सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान कोणतं? मुद्द्यांचं नाही. सुरुवातीला असणारा सारांश आणि तारखांची यादी, म्हणजे सिनॉप्सिस आणि लिस्ट ऑफ डेट्स. न्यायमूर्तींपुढे एका दिवशी अशा याचिकांचा गठ्ठा असतो. आदल्या रात्री ते यादी वाचतात आणि त्यांचं निम्मं मत तिथेच बनतं. म्हणून मी याचिकेच्या आधी यादी लिहितो आणि यादीला सगळ्यात जास्त वेळ देतो.

वाईट नोंद अशी असते: '१४ मार्च, अर्जदाराने अर्ज केला.' कसला अर्ज, कोणापुढे, त्याचं काय झालं? चांगली नोंद अशी: '१४ मार्च, अर्जदाराने मोबदला वाढवून मिळावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्यात शेजारच्या गटाचा विक्रीदर नमूद केला होता. परिशिष्ट पी-३, पान ४१.' घटना, तिचं महत्त्व आणि कागद कुठे, या तीन गोष्टी एका श्वासात आल्या पाहिजेत. विशेषणं नकोत. 'दुर्दैवाने', 'मनमानीपणे' हे शब्द यादीत आले की वाचणारा सावध होतो.

आणि आपल्याला गैरसोयीची तारीखही यादीत टाकायची. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पातल्या भूसंपादनात पक्षकाराने निषेध न नोंदवता रक्कम उचलली असेल तर ते लपवू नका. समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते काढतो. मग याचिका नुसती फेटाळली जात नाही, 'माहिती दडवली' असा शेराही बसतो. तो शेरा पक्षकाराच्या पुढच्या प्रत्येक प्रकरणात त्याच्या मागे लागतो.

मुख्य याचिका

सर्वोच्च न्यायालय नियम २०१३ मध्ये नमुना क्रमांक २८ दिला आहे. त्याच क्रमाने जायचं, स्वतःची कलाकारी करायची नाही. आधी पक्षकारांची यादी, त्यात हायकोर्टातलं स्थान आणि इथलं स्थान अशा दोन्ही नोंदी. मग कायद्याचे प्रश्न, मग याच निकालावर दुसरी याचिका केली नसल्याचं निवेदन, परिशिष्टं मूळ रेकॉर्डचाच भाग असल्याचं निवेदन, मग आधार म्हणजे ग्राउंड्स, अंतरिम दिलाशाचे आधार, मुख्य विनंती, अंतरिम विनंती.

कायद्याचे प्रश्न तीन-चारच ठेवा. वीस प्रश्न म्हणजे एकही प्रश्न नाही. 'हायकोर्टाने पुराव्याचा विचार केला नाही हे बरोबर आहे काय' हा प्रश्नच नव्हे. 'एकाच अधिसूचनेने घेतलेल्या, एकाच प्रकारच्या जमिनींना वेगवेगळा दर लावता येतो काय' हा प्रश्न आहे. ग्राउंड्समध्ये हायकोर्टाच्या निकालाचा परिच्छेद क्रमांक देऊनच त्यावर बोला. निकाल न वाचता लिहिलेली ग्राउंड्स लगेच ओळखू येतात. त्यात हायकोर्टाने जे म्हटलेलंच नाही ते खोडून काढलेलं असतं.

याचिका हायकोर्टापुढच्या कथनाच्या आणि कागदांच्या बाहेर जाऊ शकत नाही, आणि तसं प्रमाणपत्र वकिलाला द्यावं लागतं. निकालानंतर मिळालेला माहिती अधिकारातला कागद लावायचाच असेल तर अतिरिक्त कागदपत्रांसाठी वेगळा अर्ज करा. गुपचूप परिशिष्टात सरकवू नका.

पक्षकारांच्या यादीत एक खड्डा असतो. हायकोर्टात प्रकरण बारा-पंधरा वर्षं चाललं की मधे कोणी तरी वारलेलं असतं. त्याचे वारस रेकॉर्डवर आणले आहेत का? निकालाच्या शीर्षकात मेलेल्या माणसाचं नाव तसंच असेल तर आधी गावाकडून मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं मागवा. शेवटच्या आठवड्यात हे निघालं तर झोप उडते.

कागदाबद्दल थोडक्यात. ए-४ आकार, ७५ जीएसएम, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीड अंतर, उताऱ्यांना १२ आणि एकेरी अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंटिमीटर आणि वर-खाली २ सेंटिमीटर समास. २०२० पासून हीच पद्धत आहे. ई-फायलिंग एओआर करतो. तुम्ही त्याला सरळ, ओळीत स्कॅन केलेली फाइल द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर मोबाइलने काढलेले वाकडे फोटो नव्हे.

सह्या आणि शपथपत्र

वकालतनामा आणि शपथपत्र नागपुरातच होतं, दिल्लीला जायची गरज नाही. एओआरकडून अंतिम मसुदा आल्यावरच शपथ घ्यायची. कोऱ्या शेवटच्या पानावर आधी सह्या घेऊन ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती मोडा. शपथपत्रात पाने आणि परिच्छेदांचे आकडे लिहिलेले असतात, मसुदा बदलला की ते चुकतात आणि खोट्या शपथपत्राचा प्रश्न उभा राहतो. पक्षकाराला इंग्रजी येत नसेल तर याचिका त्याला मराठीत वाचून, समजावून सांगायची आणि तसं शपथपत्रात लिहायचं. खरोखर समजावून सांगायचं, म्हणतोय. मी एका म्हाताऱ्या बाईंना वाचून दाखवत होतो तर त्या मधेच म्हणाल्या, "बाबू, हा विहिरीचा आकडा चुकला." सगळ्या न्यायालयांत तो तसाच चुकीचा चालत आला होता. संस्था असेल तर ठराव, मुखत्यारपत्रावर सही असेल तर त्याची प्रत आणि त्यासाठीचा अर्ज सोबत ठेवा.

फौजदारी प्रकरणात

कोर्ट फी नाही. पण शिक्षा कायम झाली असेल तर आरोपी शरण गेला आहे की नाही हे याचिकेत लिहावं लागतं आणि पुरावा जोडावा लागतो. शरण न जाता याचिका पुढे न्यायची असेल तर शरण जाण्यापासून सूट मागणारा अर्ज हवा, आणि तो सहज मंजूर होत नाही. तुरुंगात असलेला माणूस तुरुंग अधीक्षकांमार्फतही याचिका पाठवू शकतो. नागपूर मध्यवर्ती कारागृहात नातेवाईक असणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. ते जमीन गहाण टाकून वकील शोधत फिरतात.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, बालकं, कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५ लाख रुपये. अर्ज नागपुरातल्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे द्या किंवा दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे. निकालाची प्रत, खालच्या न्यायालयांचे निकाल आणि भाषांतरं जोडली तर काम वेगाने सरकतं. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. अर्ज मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात देऊ नका, त्यांनाही वकील नेमायला वेळ लागतो.

डायरी नंबर, डिफेक्ट, आणि पहिली तारीख

दाखल झाल्यावर आधी डायरी नंबर मिळतो. पक्षकार पेढे वाटतात. थांबा. रजिस्ट्री, म्हणजे न्यायालयाचं कार्यालय, त्रुटींची यादी काढते. पान पुसट, परिशिष्टावर सही नाही, भाषांतर अपुरं, पान क्रमांक जुळत नाही. ही यादी डायरी नंबरवरून संकेतस्थळावर कोणालाही दिसते. ती स्वतः बघा. त्रुटी दूर करायला एकूण २८ दिवस असतात. त्यापुढे गेलं की पुन्हा दाखल करण्यातल्या विलंबाची माफी मागायचा आणखी एक अर्ज. बऱ्याच याचिका फेटाळल्या जात नाहीत, या टप्प्यावर नुसत्या पडून राहतात, आणि पक्षकार गावात सांगत असतो की 'माही केस सुप्रीम कोर्टात चालू हाय.' त्रुटी निघाल्यावरच खरा एसएलपी क्रमांक पडतो.

पहिली सुनावणी काही मिनिटांची. व्हिडिओवरून नागपुरात बसून पाहता येते, पक्षकाराला रेल्वेत रात्र काढून न्यायची गरज नाही. निकाल बहुधा चारपैकी एक: फेटाळली, मागे घेऊ दिली, नोटीस काढली, किंवा नोटीस आणि स्थगिती. 'दस्ती' परवानगी मिळाली तर नोटीस आपण स्वतः बजावू शकतो. वर्ध्याला, गडचिरोलीला टपालाची वाट बघण्यापेक्षा ते बरं. बजावल्याचं शपथपत्र मात्र लगेच द्या. पुढे लीव्ह, म्हणजे अपिलाची परवानगी, मंजूर झाली तर प्रकरणाचं नाव बदलून दिवाणी किंवा फौजदारी अपील होतं, आणि तेव्हा कुठे ते खरोखरचं अपील.

कारण न देता एका ओळीत फेटाळली तर हायकोर्टाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होत नाही, हे २००० सालच्या कुन्हयम्मद निकालाने ठरलं आहे. त्यामुळे हायकोर्टात पुनर्विलोकनाचा दरवाजा, कारण असेल तर, उघडा राहतो. सर्वोच्च न्यायालयातल्या पुनर्विलोकनाला ३० दिवस. ते बहुधा चेंबरमध्ये, युक्तिवादाशिवाय निकाली निघतं. त्यानंतरची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकनही फेटाळल्यावरचा शेवटचा उपाय, २००२ च्या रूपा हुर्रा निकालातून आली, आणि तिला सीनियर वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. तिचं नाव पक्षकाराला मी सहसा सांगतही नाही.

जिंकलेल्यांसाठी

खंडपीठात जिंकलात? मग त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश करू नये अशी आगाऊ नोंद, टाका. हरलेला माणूस दिल्लीला जाणार आणि तुमच्या पाठीमागे स्थगिती घेणार, हे गृहीत धरा. कॅव्हेट असलं की त्याला याचिकेची प्रत तुमच्या एओआरला द्यावी लागते आणि पहिल्या तारखेला तुमचा वकील उभा असतो. खर्च एसएलपीच्या मानाने किरकोळ. सोबत एओआरला हायकोर्टाचं पूर्ण पेपरबुक (प्रकरणाच्या कागदांचा संच) आणि तीन पानांचं टिपण पाठवा. वरच्या दोन-चार मिनिटांत बोलायला त्याच्याकडे तुमचा मुद्दा हवा, तुमचा फोन नंबर नव्हे.